पुरलेली पेटी आणि हरवलेली वही : परमहंस सभेच्या माजी सभासदांच्या आठवणींचे ऐतिहासिक मूल्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर शहरात एका प्राचीन स्तूपाच्या अवशेषांत एक दगडी पेटी सापडली. तिच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेचा एक लहानसा लेख होता. हे दान बम्ह नावाच्या मनुष्याचे असून ते धम्मगुत्ताने करविले, एवढाच त्या लेखाचा आशय. करवीरनगरी ही आज अंबाबाईची नगरी म्हणून ओळखली जाते. तथापि या भूमीत एके काळी बुद्धाच्या उपासकांचा एक संघ नांदत होता आणि त्याने आपले पूज्य अवशेष जमिनीच्या पोटात जपून ठेवले होते, हे त्या पेटीमुळे निर्विवाद ठरले. पुढे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील स्तूप उकरला, तेव्हाही असाच प्रकार आढळला. दगडी संपुटात एकात एक बसविलेले करंडक आणि अगदी आतल्या सुवर्णकरंडकात मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे. ज्यांनी हे पुरले त्यांची नावे, त्यांचे वाद, त्यांच्या शंका यांपैकी काहीही आपल्यापर्यंत आलेले नाही. वस्तू आली, आठवण मात्र आली नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण आधुनिक महाराष्ट्राच्या धर्मसुधारणेच्या इतिहासात आहे. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने आपल्या सभासदांची नावे एका वहीत लिहून ती गुप्त ठेवली. १८६० मध्ये सभेचे दप्तर चोरीस गेले आणि सभा मोडली. उरल्या त्या केवळ माजी सभासदांच्या आठवणी. काही छापलेल्या, काही सांगोवांगी आलेल्या, आणि बहुतेक कधीच न सांगितलेल्या. कोल्हापूरच्या स्तूपात वस्तू राहिली आणि माणसे विस्मृत झाली. मुंबईच्या सभेत माणसे राहिली आणि वस्तू नाहीशी झाली. या दुसऱ्या प्रकारात इतिहासकाराने काय करावे, माजी सभासदांच्या साक्षीवर किती भार टाकावा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

पुरून ठेवलेला दस्तऐवज आपोआप खरा ठरत नाही, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. १५ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात इंदिरा गांधी यांच्या हस्ते 'कालपत्र' पुरण्यात आले. त्यात स्वातंत्र्योत्तर भारताचा इतिहास भावी पिढ्यांसाठी ठेवला होता. तो एकतर्फी असल्याचा आक्षेप लगेच घेतला गेला आणि सत्तापालटानंतर १९७७ मध्ये जनता सरकारने ते उकरून काढले. हजार वर्षांच्या बेताने पुरलेली वस्तू पाच वर्षेही जमिनीत टिकली नाही. जे पुरले जाते त्यामागेही हेतू असतो, आणि जे सांगितले जाते त्यामागेही असतो. तेव्हा वही हाती असती तर सर्व प्रश्न सुटले असते असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. तरीही वही असणे आणि नसणे यांत फार मोठा फरक पडतो, तो कसा हे पुढे दिसेल.

सभेची पार्श्वभूमी

परमहंस सभेचे बीज सुरतेत पडले. मराठी व्याकरणकार म्हणून ख्यात असलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) तेथील इंग्रजी शाळेवर असताना दुर्गाराम मेहताजी आदींच्या सहकार्याने २२ जून १८४४ रोजी मानवधर्मसभा निघाली. ईश्वर एक, मानवजातीचा धर्म एक, जातिभेद मनुष्यकृत, अशी तिची सामान्य भूमिका होती. ही सभा उघडपणे भरे. तिचे वृत्तांत महिपतराम रूपराम यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुर्गाराम-चरित्रामुळे बऱ्याच अंशी टिकले. दादोबा मुंबईस परतल्यावर सुरतेची सभा मंदावली आणि काही वर्षांतच मुंबईत परमहंस सभा उभी राहिली. अध्यक्ष म्हणून रामचंद्र बाळकृष्ण जयकर हे तरुण गृहस्थ पुढे आले. विचार बहुतांशी तेच होते, परंतु कार्यपद्धती पूर्णपणे बदलली होती. सुरतेस जे चारचौघांत बोलले जाई, ते मुंबईस दार लावून बोलले जाऊ लागले.

हा बदल का झाला? याचे उत्तर मधल्या काळातील एका प्रकरणात सापडते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरात राहिला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे असा आग्रह बाळशास्त्री जांभेकरांनी धरला. श्रीपत बारा-तेरा वर्षांचा मुलगा, बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि त्याच्या बाजूस उभे राहणारे गृहस्थ मुंबई इलाख्यातील सर्वांत मान्य पंडित होते. तरीही शास्त्रीबोवांना बहिष्काराचा ताप सोसावा लागला. जेथे जांभेकरांची ही गत झाली, तेथे शाळेत पंतोजीगिरी करणाऱ्या वा सरकारी कचेरीत लेखणी चालविणाऱ्या तरुणाने काय अपेक्षा धरावी? १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जात गमावलेल्या माणसाचा वारसाहक्क सुरक्षित केला, हे खरे. पण बहिष्काराचा मार वारसाहक्कावर नसतोच. न्हावी येत नाही, भटजी श्राद्धाला नकार देतो, विहिरीवर बायकोला उभे राहू देत नाहीत आणि मुलीचे लग्न ठरत नाही. या गोष्टींवर कोणत्याही कायद्याचा उपाय चालत नव्हता.

म्हणून सुधारकांनी टोपणनावे घेतली. दादोबांनी 'धर्मविवेचन' हा ग्रंथ १८४३ मध्ये लिहिला. तो छापून बाहेर आला १८६८ मध्ये, आणि तोही 'एक जगद्वासी आर्य' या नावाने. म्हणजे सभेचा वैचारिक पाया असलेला ग्रंथ पंचवीस वर्षे हस्तलिखितातच राहिला, आणि जेव्हा तो उघडला तेव्हा त्याच्या आधारे उभी राहिलेली सभा अस्तंगत होऊन आठ वर्षे लोटली होती. त्यांचे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये इंग्रजी राज्यावर टीका करणारी पत्रे 'बॉम्बे गॅझेट'मध्ये लिहिली ती 'एक हिंदू' या सहीने. तुकाराम तात्या पडवळ यांचा 'जातिभेद विवेकसार' १८६१ मध्ये निघाला, तोही 'एक हिंदू' याच नावाने. एका घराची किंवा एका माणसाची ही भिडस्त प्रकृती नव्हे, ती त्या पिढीची रीत होती.

दीक्षेचा विधी व वहीचे स्थान

आणि या नाव झाकणाऱ्या पिढीने एक वही ठेवली होती, ज्यात नावे लिहिलेली होती! येथे थोडे थांबले पाहिजे, कारण सभेचे सगळे मर्म या विसंगतीत आहे.

नव्या सभासदाला प्रवेश देताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. जे. एन. फार्कर यांच्या १९१५ च्या सुप्रसिद्ध ग्रंथासह अनेक वृत्तांतांत हा तपशील येतो. आज पाव हा प्रत्येक घरचा पदार्थ झाला असल्याने त्या घासाची धग आपल्याला जाणवत नाही. त्या काळच्या मुंबईत पावाची भट्टी म्हणजे गोव्याकडील ख्रिस्ती भटाऱ्याची भट्टी. तो पाव खाल्ला म्हणजे जात गेली, असा सरळ हिशेब होता. सभासदाने जात मानू नये अशी प्रतिज्ञा करणे ही शब्दांची गोष्ट झाली. घास गिळणे ही देहाने केलेली सही होती. ती सही वहीतल्या नावाने पक्की होई. ज्याने पाव खाल्ला त्याचे गुपित बाकीच्यांच्या हाती, आणि बाकीच्यांचे त्याच्या हाती. वही ही सभेची शक्ती होती, कारण ती सर्वांना एकमेकांशी बांधीत होती. आणि नेमकी त्याच कारणाने ती सर्वांचा गळफासही होती.

सभेत मराठी प्रार्थना होत, पदे म्हटली जात, भिन्न जातींचे लोक एकत्र भोजन करीत. मुंबईबाहेर पुणे, अहमदनगर या ठिकाणीही सभेचे लोक होते. दादोबा १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर होऊन नगरकडे गेल्याने तिकडील मंडळींना आधार मिळाला असणे स्वाभाविक आहे. सभेपुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येई, तो असा की आपण उघड व्हावे की नाही. पुरेसे लोक जमल्यावर एकाच वेळी सर्वांनी प्रकट व्हावे, म्हणजे बहिष्कार घालणारेच अल्पसंख्य ठरतील, अशी आशा बाळगणे समजण्यासारखे आहे. परंतु 'पुरेसे' म्हणजे किती, हे कधी ठरत नाही. प्रत्येक वर्षी आकडा थोडा पुढे सरकतो.

१८६० मध्ये दप्तर चोरीस गेले. नावे प्रसिद्ध होणार या धास्तीने सभा फुटली.

माजी सभासदांची साक्ष

ज्यांनी सभेविषयी काही लिहून ठेवले त्यांत बाबा पदमनजी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८३१ मध्ये बेळगावी जन्मलेले बाबा मुंबईत मिशनच्या शाळेत शिकत असताना सभेत आले, आणि १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीमुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे स्थान अढळ आहे. 'अरुणोदय' हे त्यांचे आत्मचरित्र १८८० च्या दशकात प्रसिद्ध झाले, म्हणजे सभेशी संबंध तुटून तीसएक वर्षे उलटल्यावर. शीर्षकातच या ग्रंथाची दृष्टी स्पष्ट आहे. पहाट म्हटली की तिच्या आधीची रात्र आली. इंग्रजी रूपांतराचे नाव तर 'एके काळी हिंदू, आता ख्रिस्ती' अशा अर्थाचे आहे. या मांडणीत परमहंस सभा म्हणजे वाटेवरची धर्मशाळा. प्रवाशाने रात्र काढली, उजाडल्यावर तो पुढे गेला, आणि मागे राहिलेल्यांकडे पाहताना त्याला ते झोपलेले दिसले. बाबांचा प्रामाणिकपणा शंकेपलीकडचा आहे. परंतु ज्याने स्वतः उघडपणे धर्म बदलून घरादाराचा रोष पत्करला, त्याला दार लावून पाव खाणारी मंडळी भित्री वाटणे अपरिहार्य होते. त्यांची साक्ष घेताना ही जागा लक्षात ठेवली पाहिजे.

दादोबांचे प्रकरण याहून चमत्कारिक आहे. त्यांनी आत्मचरित्र लिहिले, आणि ते मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत गणले जाते. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. परंतु ते अपुरे राहिले असून अठराशे चाळीसच्या दशकातच थांबते. म्हणजे ज्या सभेचा वैचारिक जनक म्हणून इतिहास त्यांचे नाव घेतो, त्या सभेपाशी येताच लेखणी थांबलेली दिसते. याचा अर्थ त्यांना मौनच धरायचे होते असा काढणे धाडसाचे होईल, कारण वृद्धापकाळी ग्रंथ अपुरे राहतात त्याला पुष्कळ कारणे असतात. शिवाय १८८० मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, त्यांनी 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे नाव त्यांनी टाकले नव्हते. सभा बुडाल्यावर वीस वर्षांनी त्यांनी त्या नावाचा धर्म पुन्हा मांडला. सभेत कोण होते हे मात्र त्यांनी उघड केले नाही. सिद्धान्ताला त्यांनी वाचा दिली आणि माणसे झाकून ठेवली. प्रस्तुत लेखकाला यात भीतीपेक्षा वचनपालन अधिक दिसते.

तिसरा गट प्रार्थनासमाजाचा. ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी मुंबई प्रार्थनासमाज स्थापन झाला, आणि परमहंस सभेतील काही मंडळी त्यात आली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे विद्यार्थिदशेत, १८५३ च्या सुमारास, सभेत गेले होते आणि पुढे ते प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ झाले. द्वा. गो. वैद्य यांच्या 'प्रार्थनासमाजाचा इतिहास' (१९२७) या ग्रंथाच्या परंपरेत परमहंस सभा ही पूर्वपीठिका ठरते. उत्साही, पण अपक्व. या मंडळींच्या दृष्टीने सभेची चूक म्हणजे तिने जातिभेदावर प्रथम घाव घातला आणि उपासनेला दुय्यम ठेवले. प्रार्थनासमाजाने हा क्रम उलटा केला. सभासद होण्यासाठी जात सोडण्याची अट त्याने घातली नाही. पाव आणि पाणी हे दोन्ही वगळले. हरवलेल्या वहीची सावली प्रार्थनासमाजाच्या घटनेवर पडली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आठवणींचा ताळा

आता या परस्परविरोधी साक्षींचा ताळा कसा करावा? साधा नियम असा सुचवावासा वाटतो की, ज्या तपशिलात साक्षीदाराचा हितसंबंध गुंतलेला आहे तेथे सावध राहावे, आणि ज्यांचे हितसंबंध भिन्न आहेत ते ज्या तपशिलावर एकमत होतात तेथे विश्वास टाकावा. सहभोजनाचे उदाहरण घेऊ. सभा भित्री होती असे ठरविण्यात ख्रिस्ती झालेल्या सभासदाचा लाभ. सभा उतावीळ होती असे ठरविण्यात प्रार्थनासमाजीयाचा लाभ. पहिल्याला ते जात मोडण्याचे धाडस अडचणीचे, दुसऱ्याला ते मागाहून नकोसे. तरीही दोन्ही परंपरा ते नाकारीत नाहीत. तेव्हा जातिबंधन प्रत्यक्ष अन्नातून तोडण्याचा दंडक सभेत होता, हे पक्के धरण्यास हरकत नाही.

सभासदसंख्येचे तसे नाही. सुमारे पाचशे हा आकडा वारंवार दिला जातो. तो मोठा असण्यात मिशनऱ्यांना समाधान, कारण इतके सुशिक्षित लोक मनातून जुन्या धर्माला विटले होते असे त्यातून दिसते. सुधारकांनाही समाधान, कारण आपली परंपरा विस्तृत होती असे त्यातून ठरते. येथे सर्व हितसंबंध एकाच दिशेने ओढतात, आणि ताळा घेण्याचे साधन असलेली वही नाही. म्हणून पाठ्यपुस्तकांनी हा आकडा ज्या निश्चयाने छापला आहे, तो निश्चय अनाठायी आहे. आपण वर्गात शिकवितानाही तो 'असे म्हटले जाते' या जोडीनेच सांगावा.

सभा मोडण्याच्या कारणाबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. चोरीची कथा सर्वांना सोयीची होती. तिने दोष बाहेरच्या अज्ञात हातावर टाकला. परंतु सही केलेल्या माणसाची त्या सहीमागे उभे राहण्याची तयारी असेल, तर यादी चोरीला जाऊन काहीच बिघडत नाही. चोराने गुपित फोडले, निर्धार तो फोडू शकत नव्हता. उघड होण्याचा प्रश्न दहा वर्षे लांबणीवर पडला, तेव्हाच सभा आतून पोकळ होऊ लागली असावी. चोरीने केवळ मुहूर्त ठरविला. हे म्हणताना त्या तरुणांना भेकड ठरविण्याचा हेतू नाही. यादी छापली जाणे म्हणजे काय असते, हे तीस वर्षांनी पुण्याने पाहिलेच. ऑक्टोबर १८९० मध्ये पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला. गोपाळराव जोशी यांनी त्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध केली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि शेवटी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पाव नव्हे, केवळ चहा आणि बिस्किट. आणि तेही १८६० नव्हे, १८९०. रानडे हायकोर्टाच्या न्यायासनाच्या उंबरठ्यावर होते, त्यांच्यामागे पदाचे, कीर्तीचे बळ होते. तीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाजवळ काय होते?

याच काळात दुसरी एक रीत उभी राहिली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने आपले वृत्तांत छापले आणि त्यांत माणसांची नावे घातली. ज्यांना जातीच्या उतरंडीत गमावण्यासारखे थोडेच होते, त्यांना नाव झाकण्याचे कारणही कमी होते, असे यावर म्हणता येईल. पण तेवढे पुरेसे नाही. भटजीवाचून लग्न लावणाऱ्या सत्यशोधकाला गावाने कमी छळले नाही, कोर्टकचेऱ्याही त्याच्या वाट्याला आल्या. कोल्हापुरात ११ जानेवारी १९११ रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या पाठिंब्याने सत्यशोधक समाजाची शाखा निघाली आणि भास्करराव जाधव तिचे अध्यक्ष झाले, तेव्हा जातिभेद न मानणारी संस्था करवीरात नाव व पदाधिकाऱ्यांसह जाहीरपणे उभी राहिली. राजाश्रय हे त्याचे एक कारण खरेच. मुंबईच्या त्या बंद दारामागील मंडळींना तो आश्रय कधी लाभला नाही.

परमहंस सभेच्या इतिहासाची सर्वांत परिश्रमपूर्वक जुळणी प्रियोळकरांनी केली. गोव्यात जन्मलेल्या या संशोधकाने 'परमहंस सभा व तिचे अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण' हा ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. शीर्षकात त्यांनी दादोबांचे नाव न घालता जयकरांचे घातले, हे मार्मिक आहे. जयकर १८६६ मध्येच, चाळिशीत, वारले. त्यांनी ना धर्म बदलला, ना नवा समाज काढला, ना आत्मचरित्र लिहिले. माजी सभासद म्हणून मागे वळून पाहण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. म्हणून इतरांच्या आठवणींत ते नेहमी कडेला उभे दिसतात, आणि सभेच्या कारभाराचा खरा भार वाहणारा माणूस इतिहासात दुय्यम झाला. आठवण सांगणारा जगला पाहिजे, आणि तो बदललाही पाहिजे. जो बदलला नाही त्याला सांगण्यासारखे काही घडले असे वाटत नाही.

यापुढील शोध वहीचा नसावा. ती जाळली गेली असेल किंवा रद्दीत गेली असेल. शोध घ्यायचा तो जुन्या घराण्यांच्या दप्तरांचा. मुंबई, पुणे, नगर येथील ज्या कुटुंबांतील कर्ता पुरुष १८५० च्या दशकात इंग्रजी शाळेत किंवा सरकारी नोकरीत होता, त्यांच्या पत्रांत, खर्चाच्या टिपणांत, बायकांच्या माहेरी लिहिलेल्या मजकुरात. धर्मविचार तेथे सापडणार नाही. कोणाच्या घरी जेवणास गेल्याचा, कोणी पंक्तीस येण्याचे टाळल्याचा, एखादी सोयरीक अकारण मोडल्याचा उल्लेख सापडेल. कोल्हापूरच्या त्या दगडी झाकणावर बम्ह आणि धम्मगुत्त या दोनच नावांना जागा मिळाली होती. नगर किंवा पुण्याच्या एखाद्या जुन्या पेटाऱ्यातून परमहंस सभेच्या दोन अप्रसिद्ध सभासदांची नावे हाती आली, तर पाचशेच्या आकड्यापेक्षा ती अधिक मोलाची ठरतील.